खंडेनवमीचं अपडेट

शरच्चंद्र पोतनीसांचं चुकलं कुठं, असं मला विचाराल तर एका वाक्यात सांगतो. कुणी न सांगितलेलं काम त्यांनी मन लावून केलं. नसरापुरात माझं झेरॉक्सचं दुकान आणि त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं, मध्ये छातीएवढी एक पत्र्याची भिंत. सोळा वर्षं मी त्या भिंतीपलीकडून त्यांची व्याख्यानं ऐकत आलोय. माणूस भोरचा, नोकरदार घरातला, शर्ट कायम खोचलेला. रोज एसटीनं यायचे आणि दुकानात शिरताना चपला बाहेर काढायचे.

प्रिंटर चालत नाही म्हणून कुणी आलं की हे आधी विचारणार, "ड्रायव्हर शेवटचे कधी अपडेट केले?" समोरचा गोंधळून माझ्याकडं बघायचा. मग पोतनीस त्याला स्टुलावर बसवून समजावणार. ड्रायव्हर म्हणजे मशीन आणि त्याला जोडलेल्या वस्तू यांच्यामधला दुभाष्या. फर्मवेअर म्हणजे बटण दाबल्यावर मशीनला येणारी पहिली जाग. दोन्ही जुनी राहिली की मशीन आतून आजारी पडतं, आपल्याला कळत नाही इतकंच. मी इकडून ओरडायचो, "अहो पोतनीस, त्याला प्रिंट पाहिजे, दीक्षा नको!" ते कधी चिडले नाहीत. पण अपडेट केल्याशिवाय मशीन दुकानाबाहेर जाऊ द्यायचे नाहीत.

आमच्याकडं खंडेनवमीला कोयते, विळे, कुऱ्हाडी धुऊन, धार लावून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला पुजतात. पोतनीसांनी यातूनच आपला नेम काढला होता. बोथट अवजार पूजेला ठेवायचं नाही. नवमीच्या सकाळी जो कुणी कॉम्प्युटर घेऊन येईल त्याचे ड्रायव्हर, त्याचं फर्मवेअर, सगळं ते फुकट अपडेट करून द्यायचे. शाळेची मशीनं यायची, पतसंस्थेची यायची, पालीत ट्रेकवाल्यांना खोल्या देणारा एक जण दरवर्षी यायचा. त्यांना यात पुण्य मिळत होतं की नुसतीच मजा येत होती, मला माहीत नाही. त्या दिवशी जेवायची शुद्ध नसायची त्यांना.

गेल्या वर्षी श्रावणात पासलीचे हनुमंत रेणुसे एक लॅपटॉप उराशी धरून दुकानात आले. बरोबर त्यांच्या पत्नी, बनाबाई. लॅपटॉप त्यांच्या मुलाचा, सार्थकचा. सार्थक शिरवळकडं एका कंपनीत कामाला होता. आदल्या माघात हायवेवर ट्रकनं त्याच्या मोटरसायकलला उडवलं आणि पोरगं जागच्या जागी गेलं. आता लॅपटॉप चालू होत होता, पण त्यातून आवाज येत नव्हता.

आवाज कसला, ते बनाबाईंनीच सांगितलं. चांगली नोकरी मिळावी म्हणून सार्थक घरी मुलाखतीची तयारी करायचा आणि लॅपटॉपसमोर बसून स्वतःचं शूटिंग करायचा. इंग्रजीत नाव, गाव, शिक्षण. आईबापाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण एका शूटिंगमध्ये मागून बनाबाईंची हाक येते, आणि तो मान वळवून म्हणतो, "आलो गं आई, थांब जरा." तेवढं त्या रोज दिवेलागणीला लावायच्या. मुलाची दुसरी कुठलीच बोलती खूण घरात उरली नव्हती. त्याच्या फोनचा तर रस्त्यावरच चुरा झाला होता.

पोतनीसांनी पंधरा मिनिटांत आवाजाचा ड्रायव्हर बदलला आणि सार्थक दुकानात बोलला. बनाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. मी माझं मशीन थांबवलं.

मग पोतनीस म्हणाले, "ताई, याची एक कॉपी पेन ड्राइव्हवर काढून देतो. मशीनचा भरवसा नसतो."

"न्हाई," बनाबाई म्हणाल्या. "ॲक्सिडेंटचा व्हिडिओ असाच समद्यांच्या मोबाईलवर फिरला. माज्या भावाला त्यो माज्या आदी आला. आता ह्यातलं बाहीर काय बी जाऊ द्यायचं न्हाई."

पोतनीसांनी मान डोलावली आणि विषय सोडला. तिथं त्यांनी हट्ट धरायला हवा होता, असं आज मी म्हणतो. तेव्हा बाईंचं म्हणणं मलाही पटलं होतं.

नवमीला हनुमंतराव एकटेच आले. "घरातनं सांगितलंय, जरा पुसून द्या. उद्या दसऱ्याला पुजायचा हाय."

"तुम्ही परत हेलपाटा घालू नका," पोतनीस म्हणाले. "उद्या मीच पासलीला आणून देतो." हनुमंतराव भरल्या मनानं गेले. एवढं कोण करतं हल्ली, असं मला येऊन सांगून गेले.

त्या दिवशी सव्वीस मशीनं होती. सणासुदीला आमचं नेट मान टाकतं, म्हणून पोतनीस आदल्या दिवशीच सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवायचे. सार्थकच्या लॅपटॉपचं फर्मवेअर तीन वर्षं जुनं निघालं. त्यांनी पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावरची पट्टी शंभर टक्क्यांवर गेली, मशीन बंद होऊन परत चालू झालं, आणि पडदा निळा झाला. त्यावर एक रिकामी चौकट होती. मशीन अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागत होतं.

नव्या लॅपटॉपमध्ये आतली सगळी माहिती आपोआप कुलपात राहते. फर्मवेअर बदललं की मशीनला वाटतं, चोरानं हात घातला, आणि ते दार लावून घेतं. म्हणून आधी ते कुलूप तात्पुरतं काढून ठेवायचं, निदान किल्ली लिहून घ्यायची. हे पोतनीसांना तालुक्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. गिऱ्हाइकांच्या किल्ल्यांची त्यांची वहीसुद्धा होती. त्या सकाळी घाईत त्यांनी बघितलं नाही. जुनं फर्मवेअर परत घालायला गेले, तर मशीन ते घेईना. लॅपटॉप उघडायचे जे चार आकडे हनुमंतरावांना पाठ होते, ते टाकायची चौकट त्या कुलपाच्या आत होती.

किल्ली एकाच ठिकाणी होती, सार्थकच्या इंटरनेटवरच्या खात्यात. खातं उघडायचं तर त्याच्या मोबाईल नंबरवर आकडा येणार. नंबरचा रिचार्ज कुणी केला नव्हता आणि मोबाईल कंपनीनं तो दुसऱ्याला देऊन टाकला होता. पोतनीसांनी त्या नंबरवर फोन लावला. एका माणसानं उचलला.

"नमस्कार. आपल्याला एक ओटीपी येईल, तेवढा कृपया सांगाल का?"

मी कपाळावर हात मारला. असा फोन आला तर काय करायचं, हे आता शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. पलीकडून जी शिवी आली ती इथं लिहीत नाही. पुन्हा लावला, तर त्यानं आम्हाला ब्लॉक केलेलं.

"डिस्क गेली म्हणून सांगा," मी म्हणालो. "तिचं आयुष्य संपलं. कुणाला कळणार आहे?"

पोतनीसांनी पेन ड्राइव्हला टोपण लावलं. मग म्हणाले, "आनंदराव, डिस्क चांगली आहे. तो आवाज आत आहे. दार मी लावलंय."

मला संताप आला. खरं बोलायची हौस दुसऱ्याच्या जिवावर भागवू नये, असं मी त्यांना तोंडावर म्हणालो. मला अजूनही निम्म्या वेळा तसंच वाटतं.

दसऱ्याला माझ्या मोटरसायकलवरून आम्ही पासलीला गेलो. अंगणात पाट मांडला होता, त्यावर कोयता, विळा, कुऱ्हाड, आणि मधली जागा मोकळी ठेवलेली. पोतनीस बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"म्हंजी हाय आत?" हनुमंतरावांनी विचारलं.

"आहे."

"मंग काढा की."

"निघत नाही, हनुमंतराव."

बनाबाई पोतनीसांकडं बघत होत्या. "म्या पुसून आना म्हनलं हुतं," त्या म्हणाल्या. "निस्तं पुसून. बाकीचं तुमाला कुणी सांगितलं हुतं?" पोतनीसांनी हात जोडले. दुसरं ते काय करणार होते?

हनुमंतराव म्हणाले, त्या माणसाशी मी बोलून बघतो. रेंजसाठी आम्ही वरच्या बांधावर गेलो. "दादा, त्यो माज्या पोराचा नंबर हुता. पोरगं ऱ्हायलं न्हाई आमचं. येक आकडा यील, तेवढा..." पुढं त्यांना रडू फुटलं. फोनमधून आम्हाला स्वच्छ ऐकू आलं, "आता रडायचं नाटक का?" आणि फोन बंद झाला. हनुमंतराव रागावले नाहीत. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं, एवढंच म्हणाले. खाली येऊन त्यांनी लॅपटॉप पाटावर ठेवला आणि त्याला हळदकुंकू वाहिलं.

पोतनीसांनी लॅपटॉपच्या कंपनीला मेलवर मेल केले. दर वेळी मशीननंच लिहिलेलं उत्तर यायचं, दिलगीर आहोत. दुकान ते अजून उघडतात. प्रिंटर आला की चालू करून देतात आणि ड्रायव्हरबद्दल अवाक्षर काढत नाहीत. भिंतीपलीकडं आता शांत असतं. मला ती शांतता सहन होत नाही, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

संक्रांत झाल्यावर बनाबाई आल्या, लॅपटॉप न घेता. मला वाटलं, भांडायला आल्या असतील, म्हणून मीही पलीकडं गेलो. त्या स्टुलाच्या कडेला टेकल्या.

"सायेब, तुमी त्याचा आवाज ऐकला हुता न्हवं?"

पोतनीसांनी हो म्हटलं.

"मला आठंना झालाय. रोज ऐकत हुते तवर हुता. आता तोंड दिसतंय, आवाज येत न्हाई. तुमी तसं म्हनून दावा."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. पोतनीस उठून उभे राहिले. "आलो गं आई," ते म्हणाले, "थांब जरा."

बनाबाईंनी डोळे मिटून ऐकलं. "न्हाई," त्या म्हणाल्या. "असा न्हवता."

पोतनीसांनी जरा हळू म्हटलं. मग जरा भरभर म्हटलं. अठ्ठावन्न वर्षांचा तो माणूस चार-पाच वेळा ते म्हणत राहिला. बनाबाई दर वेळी मान हलवत होत्या, आणि कसा होता ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. मग त्या माझ्याकडं वळल्या.

"तुमी बी ऐकला आसंल की भितीमागनं," त्या म्हणाल्या. "तुमी म्हना."