टोपड्याखालची पेटी

आमच्या बेटावर रविवारी कोणी काम करत नसे. दोरीवर कपडे वाळताना दिसले तरी बायका नाकं मुरडायच्या. रविवारी चालायची ती एकच वस्तू, मर्डिनाच्या दुकानातली पेटी.

दुकानातच पोस्ट होतं, म्हणून सरकारने ती पेटी तिच्या गळ्यात मारली. टेलिफोनच्या तारेवर ती अखंड टिकटिकायची. टिकटिक चालू म्हणजे सगळं ठीक. ती किंचाळू लागली तर रशियाचे अणुबॉम्ब निघाले असं समजून अंगणातला भोंगा हाताने फिरवायचा. मग आमच्या हातात चार मिनिटं. रशियाकडेही बॉम्ब आहेत आणि आपल्याकडेही, म्हणूनच कोणी टाकत नाही, असं समजावून सरकारी साहेब बोटीने परत गेला. त्याचं काय जातंय! कान लावून बसायचं मर्डिनाला. पेटीपायी तिचं चर्चही एका रविवाराआड चुकायचं.

गिऱ्हाइकं वैतागली म्हणून तिने पेटीवर चहाच्या किटलीचं लोकरी टोपडं घातलं. टॉर्क्विल कोळी रोज विचारायचा, "काय गं, कोंबडी अजून अंड्यावरच?"

"उठली की आधी तुलाच हाक मारते," ती म्हणायची.

त्र्याऐंशीच्या नोव्हेंबरात, एका रविवारी टिकटिक थांबली.

आपण बहिऱ्या झालो, असंच तिला वाटलं. तिने चमचा टेबलावर आपटला. तो ऐकू आला. टोपडं काढलं, पेटी गप्प. बिघाड झाला तर फोन करा, असं कागदावर होतं. फोनमध्ये साधी घरघरही नव्हती. रेडिओ तिच्याकडे नव्हताच. किंचाळायच्या आतच तारेचं पलीकडचं टोक जळून गेलं असेल तर?

ती अंगणात गेली, भोंग्याचा दांडा धरला. वारा पडला होता. समुद्रपक्षी पाण्यावर बसून होते, एकही ओरडत नव्हता. रस्त्याने आम्ही पोरं काळे कोट घालून चर्चमधून येत होतो.

तिने दांडा सोडला आणि दुकान उघडलं. चिमूटभर जास्त साखर न देणाऱ्या त्या बाईने गोळ्यांच्या बरण्या आमच्यापुढे ठेवल्या.

"खा गं ईफी. हातात नको धरू, तोंडात टाक."

मी नऊ वर्षांची होते. रविवारची गोळी म्हणजे पाप, म्हणून भीत भीतच खाल्ली. तिचा गार हात माझ्या मानेवर होता, आणि ती आमच्या डोक्यांवरून दक्षिणेच्या, मोठ्या शहरांकडच्या आभाळाकडे बघत होती. रस्त्यावर पाद्री उभा होता.

तासाभराने टिकटिक परत आली. पलीकडे एक्सचेंजमध्ये काहीतरी बिघडलं होतं म्हणे.

रविवारी दुकान उघडलं म्हणून दोन वर्षं तिला चर्चमध्ये प्रभुभोजनाला, भाकरी-द्राक्षारसाच्या विधीला, बसू दिलं नाही. दुकान का उघडलं हे सांगितलं, तर भोंगा का वाजवला नाही हेही सांगावं लागलं असतं.

पुढे रशिया फुटला, पेटी काढून नेली. शेवटच्या आजारात तिने मला हे सगळं सांगितलं.

"भोंगा वाजला असता तर ती चार मिनिटं तुम्ही रडला असता, ईफी. मला ते सोसलं नसतं."

तिच्या उशाशी ते टोपडं होतं. आत काहीच नव्हतं. तरी बोलता बोलता ती मध्येच थांबायची आणि मला गप्प राहायची खूण करायची.