बिनदुधाचं पातेलं

डॉक्टरांनी बायोप्सीचा कागद टेबलावर सरळ केला आणि म्हणाले, "दूध बंद." त्यांच्या डोक्यावरचा पंखा हळूहळू फिरत होता. आठ दिवस मी निव्वळ पेजेवर होते, त्यामुळे सगळंच मला जरा पाण्याखालून दिसायचं, पाण्याखालून ऐकू यायचं. ते दोन शब्द पंख्यासोबत दोन-तीन फेरे मारून मग माझ्यापर्यंत पोचले.

"म्हंजे किती बंद?" माझ्या नवऱ्यानं विचारलं.

"थेंबभरही नाही. दूध, दही, ताक, लोणी, तूप, खवा, सगळं. आठ आठवड्यांनी परत दुर्बीण टाकून पाहू."

आजाराचं नाव इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस. इसोफॅगस म्हणजे अन्ननलिका, घशातून पोटात जाणारी. इओसिनोफिल म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, ॲलर्जी झाली की त्या गोळा होतात. माझ्या अन्ननलिकेत त्या ठाण मांडून बसल्या होत्या. नळी सुजून आतून अरुंद झाली होती. बऱ्याच लोकांत हे दुधानं होतं, असं डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला दुधानंच झालं का, ते दूध सोडल्याशिवाय कळणार नाही."

याच्या आधीची दोन वर्षं मी प्रत्येक घासावर पाणी पीत होते. पंगतीत सगळ्यात शेवटी उठायची. घरात मला "गोगलगाय" म्हणत आणि मीही हसायची. तुमच्या घरात असं कुणी असेल, घास चावत बसणारं, छातीत अडकतं म्हणणारं, तर त्याची चेष्टा करू नका. दवाखान्यात न्या.

मला नेलं ते कोंबडीच्या तुकड्यानं. अकोल्याला नणंदेकडे जेवायला बसलो होतो. एक तुकडा छातीच्या मधोमध जाऊन बसला. पाणी प्याले तर पाणी परत आलं, थुंकीसुद्धा खाली उतरेना. रिक्षात घालून मला नेलं, दुर्बिणीनं तुकडा काढला आणि नळीच्या आतले बारीक कण तपासायला घेतले, त्यालाच बायोप्सी म्हणतात. गुंगीत मला सरकीचा पांढरा कापूस हवेत उडताना दिसत होता. तो सगळा माझ्या तोंडात जात होता आणि कुठंच अडकत नव्हता. जागी झाले तेव्हा रडू आलं.

तर दूध बंद. ही बातमी माझ्या सासूबाईंना कोण सांगणार, हा खरा प्रश्न होता. त्यांना मी आईच म्हणते, त्या मूळच्या हिवरखेडच्या. तिथं आमची थोडी शेती, घर आणि दोन म्हशी. अमरावतीला आमच्याकडे राहायला आल्या तरी त्यांचा जीव त्या म्हशींत. ताप आला तर हळद-दूध, झोप नाही तर दूध, पोर रडलं तर दूध.

"दुधानं कोणाले काई होते का वं?" त्या म्हणाल्या. "दुधानं तं माणूस उभं राह्यते."

पण संध्याकाळी बाजारात गेल्या आणि एक नवं जाड बुडाचं पातेलं घेऊन आल्या. त्याच्या कडीला लाल दोरा बांधलेला होता. मला वाटलं दृष्ट लागू नये म्हणून असेल. आईंचं असलं काही ना काही चालूच असतं, म्हणून मी विचारलंही नाही.

दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी मऊ पदार्थांचा एक कागद दिला होता. त्यात एक नाव होतं, डेअरी-फ्री चिकन अँड व्हेजिटेबल कॅसरोल. आमच्याकडे कॅसरोल म्हणजे पोळ्यांचा गरम डबा. नवरा म्हणाला, "डब्यात कोंबडी शिजवायची का आता?" पण कागदावर लिहिलं होतं की झाकण लावून, मंद आचेवर, तास-दीड तास. वाचता वाचता मला त्याचा वास यायला लागला. उपाशी माणसाला कागदाचाही वास येतो.

रविवारी ते केलं. लसूण, कांदा आणि तमालपत्र तेलात परतलं, कोंबडीचे बोटाएवढे तुकडे त्यात लालसर केले. गाजर, बटाटा, ओल्या तुरीचे दाणे टाकले. एरवी अशा रश्शात क्रीम असतं, ते नाही म्हणून ज्वारीचं पीठ कोरडं भाजलं, पाण्यात कालवलं आणि वरून सोडलं. मिरी, मीठ. पातेल्याखाली तवा, झाकणाच्या कडेला भिजवलेल्या पिठाची पट्टी. मग मी ओट्याला टेकून उभी राहिले. बाहेर पौषाचं मऊ ऊन होतं, आत पातेलं आपल्याशीच बोलत होतं. माझा डोळा उभ्या उभ्या लागला.

चिकनचा तुकडा चमच्यात आला, तो मी आणखी बारीक केला. अकोल्याचा तो तुकडा अजून छातीत असल्यासारखा होता. आई समोर उभ्या, पदर तोंडाशी धरून. मी चावला, चावला, चावला. गिळला.

"गेला का?"

"गेला."

पुढचा घास. "गेला का?" असं ताटभर चाललं. मी वैतागून म्हटलं, "आई, तुमी बसा बरं." त्या बसल्या, आणि बसून विचारू लागल्या.

आठ आठवडे मी दुधाचं खरंच काही खाल्लं नाही. नांदगाव पेठेच्या कापड कंपनीत मी ऑफिसचं काम करते. तिथं पेढे आले तरी हात मागे घ्यायची. चहा काळा, बिस्किट बंद. स्वप्नात मात्र रोज खरवस यायचा. मी खरवसाच्या वड्यांवरून चालत जायची आणि पाय ओले व्हायचे.

दुसरी दुर्बीण झाली. निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. "फरक नाही. एकतर दूध कारण नाही, नाहीतर कुठून तरी थोडंथोडं आत जातंय. आता गहू, अंडी, सोयाही बंद करावं लागेल. आणि नळी अशीच आखडत राहिली तर फुगा घालून ताणावी लागेल." त्याला ते डायलेटेशन म्हणाले. "नीट आठवून सांगा. काही जात नाही ना?"

"थेंब नाही," मी म्हटलं. अकोल्याहून परतताना बडनेऱ्यापर्यंत गाडीत मी खिडकीबाहेर पाहत होते. गहू नाही, अंडं नाही. मग मी या घरात पाहुण्यासारखी एका कोपऱ्यात माझी वेगळी ताटली घेऊन बसणार, आयुष्यभर. भीती वाटली आणि भीतीचा राग झाला. माझा स्वभाव तसा आहे. राग आला की कुणावर तरी उतरल्याशिवाय राहत नाही.

घरी आले तर आई वरणात डाव फिरवत होत्या.

"तुमीच टाकता माझ्या जेवणात तूप," मी म्हटलं. "सून वाळली म्हणून चोरून टाकता. मले माहीत आहे."

त्यांनी डाव खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडे पाहिलं. तो बिचारा बूट काढत होता. सकाळी त्यांची पिशवी भरलेली होती. दाराशी एवढंच म्हणाल्या, "पातेलं वेगळं हाय. त्यातच रांधजो." आणि हिवरखेडच्या गाडीला गेल्या.

तीन-चार दिवसांनी वरच्या फळीवर मी चाकू शोधत होते. पांढऱ्या फडक्यात एक गाठोडं होतं. त्यात एक डाव, एक झारा, एक चाकू, एक चमचा. प्रत्येकाला लाल दोरा. हळदीचा वेगळा डबा, मिठाचा वेगळा, दोन्हींना दोरा, कारण मोठ्या मसाल्याच्या डब्यात तुपाचा चमचा जायचा. मी ओट्यावर बसलेच. दृष्टीचा दोरा म्हणे, ही तर बिनदुधाची खूण. बाईनं अख्खा संसार दोन भागांत वाटून ठेवला होता आणि मला एका शब्दानं बोलली नव्हती. मला स्वतःची लाज वाटली. पण मग दूध येत होतं कुठून?

कळलं ते गुरुवारी. कंपनीच्या बसच्या थांब्याआधी दत्ताचं लहानसं मंदिर आहे. बारा वर्षं मी तिथं रोज सकाळी उभी राहते, तळहात पुढे करते आणि तीर्थ घेते. त्या दिवशी जरा लवकर पोचले. पुजारीकाका पितळी भांड्यात पंचामृत कालवत होते. दूध ओतलं, दही घातलं, तूप सोडलं, मध, साखर. मी पाहत होते. ऊन गाभाऱ्याच्या पायरीवर पडलं होतं, घंटा कुणीतरी वाजवून गेलं होतं आणि तिचा नाद अजून हवेत होता. माझा हात पुढे आलेला होता, सवयीनं.

"काका, याच्यात रोज दूध असते?"

"मंग काय पाणी असते?" ते म्हणाले. "काहून, काय झालं?"

 तीर्थ म्हणजे खाणं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ते उपासालाही चालतं. डॉक्टरांना मी शपथेवर थेंब नाही म्हणून सांगितलं होतं आणि रोज पळीभर पीत होते. काकांना सगळं सांगितलं. त्यांनी पळी भांड्यात परत ठेवली. बोट पंचामृतात बुडवून माझ्या कपाळाला लावलं. "येवढं बस हाय," म्हणाले. "देवाले सगळं समजते, तुयी नळीबी समजते."

म्हणून तुम्हाला सांगते, जे खाणं वाटत नाही तेही लिहून काढा. तीर्थ, प्रसाद, गोळी, चाटण, दुसऱ्याच्या डब्यातला एक घास, सगळं. डॉक्टर विचारतात ते खाण्याबद्दल. आपण उत्तर देतो ते आपल्याला जे खाणं वाटतं त्याबद्दल.

पुढचं आधी सांगून टाकते. डॉक्टरांना तीर्थाचं सांगितलं, ते म्हणाले आधी फक्त तेच बंद करून पाहू. तिसरी दुर्बीण वैशाखात झाली. आतली सूज उतरली होती. गहू चालू, अंडी चालू, फुगा नको. डॉक्टर पहिल्यांदा हसले आणि म्हणाले, "दूधच होतं." दूध आता कायमचं गेलं, आणि मला त्याचं फार काही वाटत नाही. खरवस अजून स्वप्नात येतो, तेवढं पुरे. त्या डॉक्टरांचे, आहारतज्ज्ञ बाईंचे आणि काकांचे उपकार मी विसरणार नाही. पण या सगळ्यात मला आठवत राहतो तो हिवरखेडचा रविवार.

तीर्थाच्या गुरुवारनंतरच्या रविवारी मी अकोटला गाडी बदलून गेले. सोबत पिशवीत ते पातेलं. आई अंगणात गोवऱ्या रचत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, मंदिर, तीर्थ, सगळं. "आई, माझंच चुकलं. तुमच्यावर उगाच आळ घेतला."

त्या गोवऱ्या रचत राहिल्या. मला वाटलं आता बोलतील, काय बोलायचं ते. माझी तयारी होती.

"कोंबडी आणली का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग पातेलं काय मले दाखवाले आणलं का?"

शेजारून कोंबडी आली. कणकेचे रोडगे भाजायला गोवऱ्या पेटवून जगरा लावतात तसा त्यांनी लावला. धूर गेला, लाल निखारे राहिले. त्यात पातेलं बसवलं, झाकणाला ज्वारीच्या पिठाची पट्टी, झाकणावर पुन्हा निखारे. दुपार हळूहळू निंबाच्या झाडाखाली सरकली. म्हशी रवंथ करत होत्या, मी बाजेवर पडून होते आणि मला झोप आणि जाग यातला फरक कळत नव्हता. झाकण उघडलं तेव्हा गाजर आणि तुरीचे दाणे रश्शात विरत आले होते, कोंबडी हाडावरून आपोआप सुटत होती. इतकं मऊ मी कधीच केलं नव्हतं.

मी जेवले. त्यांनी घासाघासाला विचारलं आणि मी घासाघासाला सांगितलं. या वेळी वैताग आला नाही.

हात धुऊन आले तर त्यांनी पदराच्या गाठीतून लाल दोऱ्याचा गुंडा काढला. माझा उजवा हात ओढून घेतला, तीर्थ घेते तो, आणि मनगटाला दोन वेढे देऊन गाठ मारली.

"साऱ्या भांड्यायले बांधला," त्या म्हणाल्या. "हेच एक राह्यलं होतं."