पिंपावरची खडूची रेघ

मला वास येत नाही. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवी होती त्या दादाला तर मुळीच नाही. साध्या माणसाचं वासावाचून फारसं अडत नाही. पण मी वाइन करायचो.

गाव सोडलं त्या दिवशी दादा मला मोटरसायकलवरून स्टँडवर सोडायला आला होता. सामान टेम्पोतून आधीच गेलं होतं, मीना आणि मुलगी पुण्यात पोचल्या होत्या. मागे उरलो होतो मी आणि वहिनीनं भरून दिलेली एक पिशवी, बेदाण्यांची आणि शेंगदाण्याच्या चटणीची. दादा मुळात कमी बोलणारा. गाडी लागली, मी आत जाऊन बसलो, तेव्हा त्यानं पिशवी खिडकीतून दिली आणि म्हणाला, "नाक सांभाळ. पुण्यात धूर लई हाय."

मी मान हलवली. मान हलवणं मला चांगलं जमतं. बाकी सगळं त्यातूनच झालं.

आमचं गाव तासगावच्या पुढे. घरी वडिलांच्या, म्हणजे आबांच्या वेळेपासून द्राक्षं, खायची आणि बेदाण्याची. मी रसायनशास्त्र शिकायला पुण्यात आलो, सदाशिव पेठेत कॉट घेऊन राहिलो, मग काही वर्षं नाशिककडे दुसऱ्यांच्या वायनरीत काम केलं, आणि एक खूळ डोक्यात घेऊन घरी परतलो: आपल्या मुरमाड जमिनीत फक्त लाल वाइनची द्राक्षं लावायची आणि फक्त लाल वाइन करायची. थोडी, पण अशी की पिणाऱ्यानं विचारावं, ही कुठली? आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "पिऊन लोक रस्त्यात पडतील का?" मी म्हटलं, इतकी महाग असेल की पडण्याइतकी कोणाला परवडणारच नाही. "मग लाव," म्हणाले. आईचा आक्षेप वेगळा होता. देवापुढं ठेवता येत नाही ते पीक कशाला, असं ती म्हणायची. तरी पहिल्या वर्षी पहिला घड तिनंच देवापुढं ठेवला, नंतर त्यातले चार मणी तोंडात टाकले आणि म्हणाली, "नुसती साल आन बी." लाल वाइनचं यापेक्षा नेमकं वर्णन मी पुढे कुठल्याही पुस्तकात वाचलं नाही.

विहिरीजवळच्या तुकड्यात पहिल्या वेली लावल्या, वरच्या तुकड्यात नंतर. खड्डे आबांनी घेतले. मजूर लावू म्हटलं तर ऐकेनात. वेली धरेपर्यंत आबा होते, बाटली निघेपर्यंत नव्हते.

आमचे नियम कडक होते, आणि ते मीच केले होते. वेलीवरचे निम्मे घड हिरवे असतानाच कापून खाली टाकायचे, म्हणजे उरलेल्यांत जीव उतरतो. दादाला हे शेवटपर्यंत सोसलं नाही. जेवणाऱ्याला पानावरून उठवल्यागत वाटतंय, म्हणायचा, आणि तरी माझ्यापेक्षा बारकाईनं कापायचा. एका तुकड्याची वाइन दुसऱ्यात मिसळायची नाही. बिघडलेलं साल सावरायला काही घालायचं नाही. लेबलवर आमची नावं नाहीत, फक्त तुकड्याचं नाव. वाइन मळ्यात होते, तळघरात ती फक्त सांभाळायची, असं मी येईल त्या पाहुण्याला सांगायचो. पाहुणे खूश व्हायचे. दादा मागे उभा राहून ऐकायचा. त्याला ते वाक्य पाठ झालं होतं, आणि त्याचा त्यावर विश्वास होता. माझ्यापेक्षा जास्त.

मळा त्याचा, नाक माझं, अशी वाटणी होती. घड कधी तोडायचा ते मी मणी चावून, बी दाताखाली फोडून सांगायचो. आणि वाइन पिंपांत भरायच्या आधी एक काम असायचं, ज्याला आमच्याकडे पूजेइतकी शांतता असे. ओकची पिंपं वर्षभर रिकामी राहिली की काहींत खराबी शिरते, आणि ती दिसत नाही, फक्त वासाला कळते. मी एकेका पिंपाच्या भोकाशी नाक नेऊन हुंगायचो. दादा खडू घेऊन शेजारी उभा असायचा. मी मान हलवली की तो पिंपावर रेघ ओढायचा. रेघ असलेलं पिंप भरायचं, नसलेलं बाहेर काढायचं. तळघरातली माणसं तेवढा वेळ खोकायचीसुद्धा नाहीत.

त्या साथीच्या वर्षी तोडणीच्या शेवटाला मला ताप आला. ताप गेला, चव परतली अर्धीमुर्धी, वास गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, घाई करू नका. पण वाइन थांबत नाही. पिंपं भरायचा दिवस आला. मी पहिल्या पिंपाशी वाकलो. काहीच नाही. पाण्याच्या ग्लासात नाक घालावं तसं. मी जरा जास्तच वेळ वाकून राहिलो. वर पाहिलं तर दादा खडू धरून उभा. घाई नव्हती त्याच्या तोंडावर, शंका तर नव्हतीच.

तेव्हा एवढंच म्हणायचं होतं, "दादा, यंदा मला कळत नाही." कोणीतरी बाहेरून बोलावता आलं असतं. नाशिकला चार माणसं ओळखीची होती. पण गावातल्या एका शेतकऱ्याच्या पोराला लोक ज्या एका गोष्टीसाठी मानत होते ती माझ्याकडे नाही, हे त्या तळघरात, त्या शांततेत, मला उच्चारता आलं नाही. मी मान हलवली. दादानं रेघ ओढली. मग सगळ्याच पिंपांशी तसंच झालं. खोटं वाटू नये म्हणून मधल्या एका चांगल्या दिसणाऱ्या पिंपाला मी नकारही दिला.

ती विहिरीच्या तुकड्याची वाइन होती. पुढच्या वर्षी बाटल्या पुण्याला गेल्या आणि तिथल्या एका हॉटेलवाल्यानं फोन केला. अतिशय सभ्य माणूस. म्हणाला, "साहेब, आपल्या वाइनला या वेळी ओल्या गोठ्याचा वास आहे. मुद्दाम ठेवलाय का?" माल परत आला. दादा आणि मी ओट्यावर बसलो. त्यानं एक बाटली उघडली, हुंगली, खाली ठेवली. कुठं चुकलं, असं त्यानं विचारलं. आणि मी म्हणालो, "तुकड्यातच असेल. विहिरीचं पाणी बदललंय बहुतेक."

वाइन मळ्यात होते ना. मग दोषही मळ्यातलाच. माझंच वाक्य होतं, हाताशी होतं, वापरलं.

दादानं वाद घातला नाही. दोन दिवस तो त्या तुकड्यात एकटाच फिरत होता. मग एका सकाळी जेसीबी आला. मी धावत गेलो, पण पोचल्यावर नुसताच उभा राहिलो. तारा सोडून गुंडाळून ठेवल्या होत्या. यंत्र सुरू करायच्या आधी दादानं वेलीच्या बुडातली मूठभर माती उचलली आणि माझ्या नाकाशी धरली.

"बघ एकदा. त्यो गोठ्याचा वास अजून येतोय का?"

माती मऊ होती, त्याच्या बोटांतून थोडी सांडत होती. ती आबांनी उकरलेली माती. मला तिचा कसलाच वास आला नाही.

"येतोय," मी म्हणालो.

त्यानं माती खाली टाकली, हात धोतराला पुसले आणि जेसीबीवाल्याला खूण केली.

त्याच वर्षी मी पुण्याला आलो. मुलीचं कॉलेज हे कारण सगळ्यांना पटलं. आता पुन्हा सदाशिव पेठेत, विद्यार्थी असताना राहायचो त्याच्या दोन गल्ल्या अलीकडे, खाली दवाखाना आणि वर आम्ही. मी बारावीच्या पोरांना क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवतो. एस्टर्सचा धडा येतो. यांना फळांसारखा गोड वास असतो, मी फळ्यावर लिहितो. गेल्या वर्षी एका मुलीनं विचारलं, सर, तुम्ही तर वाइन बनवायचात, कोणता एस्टर ते वासावरून ओळखता येतं? मी म्हटलं, परीक्षेत वास विचारत नाहीत, रचना काढ. पोरं हसली. पुण्यात राहून एवढं तर जमायलाच हवं.

एकदा गॅसवर दूध करपलं. मी शेजारच्याच खोलीत पेपर तपासत बसलो होतो. समोरच्या काकूंनी बेल वाजवली. "अहो, तुमचं दूध खाली दवाखान्यातल्या पेशंटांनासुद्धा कळलं. आपण घरातच होता ना?" मी सर्दीचं सांगितलं. मीनालाही मी सर्दीच सांगतो. इतकी वर्षं टिकणारी सर्दी तिनं कशी मान्य केली, मला कळत नाही. कदाचित तिलाही मान हलवता येत असेल.

विद्यार्थी होतो तेव्हा या पेठेत मी डोळे मिटून रस्ता सांगू शकलो असतो. इथे कॉफी दळतात, इथे उदबत्त्यांचं दुकान, इथे जुन्या पुस्तकांचा ढीग. आता त्याच रस्त्यानं क्लासहून परत येतो. सगळं दिसतं, ऐकू येतं, स्कूटरवाले अंगावर येतात, तरी काचेपलीकडून चालल्यासारखं वाटतं. वाटायचं, हे परगावामुळे असेल. म्हणून दिवाळीला गावी गेलो. दारात चपला काढल्या आणि आत पाऊल टाकलं. भिंती त्याच, वहिनीचं "आला का?" तेच. पण आमच्या घराला एक वास होता, बेदाण्यांचा, गंधकाच्या धुरीचा, आईच्या पेटीतल्या कापराचा. तो नसेल तर घर आपल्याला ओळख देत नाही. मी पाहुण्यासारखा खुर्चीत बसलो. दादानंही मला पाहुण्यासारखा चहा दिला. जेवण झाल्यावर मी विहिरीकडे गेलो नाही. त्यानंही चल म्हटलं नाही.

तुमच्यापैकी जे गावातून शहरात आलेत त्यांना लोक विचारतात, गावाची आठवण येते का. मलाही विचारतात. मी काय सांगू? आठवण येण्यासाठी जी वाट लागते तीच बंद आहे.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे परवाचा फोन. तळघर आता एक पगारी तरुण बघतो. दादा म्हणाला, वरच्या तुकड्याच्या वाइनलापण तोच गोठ्याचा वास आलाय. "सोमवारी जेसीबी सांगितलाय. त्योबी तुकडा काढून टाकतो."

मी विचारलं, तुझा तो नवा माणूस काय म्हणतो?

"त्यो म्हणतोय, माती चांगली हाय, पिंपंच खराब हायत." दादा पुढे म्हणाला, "मी म्हणलं, गप ऱ्हा. विहिरीच्या वाइनची तीच पिंपं हायत, माझ्या भावानं हुंगल्यात. वर माझ्या हातची रेघ हाय. माती बिघडंल, त्याचं नाक न्हाय बिघडायचं."

मी म्हणालो, "दादा, मी शनिवारी येतोय. तोवर वेलीला हात लावू नकोस."

"ये की," तो म्हणाला. "येऊन तूच वास बघ एकदा."

शनिवारी सकाळी स्वारगेटहून गाडी आहे. त्याला फोनवर सांगता आलं असतं, पण तो समोर नसताना मी पुन्हा एखादं वाक्य शोधून काढीन, हे मला माहीत आहे. घर म्हणजे काय, याचं उत्तर आता माझ्यापाशी एवढंच उरलंय: जिथे एक माणूस अजून माझ्या मानेवर विश्वास ठेवून रेघ ओढतो ती जागा. ती जागा शनिवारनंतर राहील की नाही, सांगता येत नाही.

विहिरीच्या तुकड्याचा काही दोष नव्हता. मला वास येत नव्हता आणि मी मान हलवली. आबांच्या वेली त्यानं माझ्या शब्दावर उपटल्या. एवढं त्या उघड्या मातीत त्याच्यासमोर उभं राहून सांगणं, हे मी दादाचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.