चिलीम सांगितलीय

सिस्टरबाई खोटं बोलत नसत. यात मोठंसं काही नाही. खोटं न बोलणारी माणसं गावागणिक एखाददुसरी सापडतात आणि बहुधा त्यांचं कुणाशी पटत नाही. सिस्टरबाईंचं वेगळेपण असं, की त्या दुसऱ्याचं खोटंही खरं धरून चालत. गॅसवाला फोनवर "निघालोच, रस्त्यात आहे" म्हणाला, की त्या त्याच्यासाठी चहाचं आधण ठेवत. तो चार तासांनी उगवला, की गार झालेला चहा पुन्हा गरम करून त्याच्या हातात देत आणि काळजीने विचारत, "लई लांबचा रस्ता पडला का रं?" पुढे पुढे तो गल्लीच्या तोंडाशी येऊन मगच फोन उचलू लागला.

माझ्या एका सहकाऱ्याने खर्ड्याच्या मावशीचा पाय मोडल्याची थाप मारून दोन दिवस रजा काढली होती. हे सिस्टरबाईंच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पिशवीत बँडेजचे गुंडाळे भरून एसटीने खर्ड्याला गेल्या. मावशी शेतात मुगाच्या शेंगा तोडत होत्या. संध्याकाळी परत आल्यावर बाई त्या सहकाऱ्याला एवढंच म्हणाल्या, "मावशीचा पाय लई लवकर बरा झाला, सर. देवबापाची कृपा." त्यानंतर त्या गृहस्थाने रजेच्या अर्जात "घरगुती कारण" याच्यापुढे एक अक्षर लिहिलं नाही.

मी शेवगावला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायला आलो, तेव्हा त्यांच्या घराची पुढची खोली मला मिळाली. बाई मिशनच्या दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. रविवारी पांढरी साडी नेसून चर्चला जायच्या, बाकी सहा दिवस अंगणातल्या भाजीपाल्यात असायच्या. अख्खी गल्ली त्यांना सिस्टरबाई म्हणायची, त्यामुळे त्यांचं नाव मला पहिलं वर्षभर ठाऊकच नव्हतं.

माझ्या सामानात एक हुक्का होता. पुण्यात आम्ही चौघे एका फ्लॅटवर राहायचो आणि शनिवारी तिथे हुक्का लागायचा. मी ओढणारा होतो, लावणारा नव्हतो. निघताना मित्रांनी तोच हुक्का मला भेट दिला. तोवर शनिवारचे सातही वार झाले होते आणि सकाळी उठल्यावर पाच-सात मिनिटं खोकल्याशिवाय मला बोलता येत नव्हतं. याला मी पुण्याची धूळ म्हणत असे. येताना एका गतिरोधकावर एसटीच्या रॅकवरून पिशवी खाली आली आणि हुक्क्याची काचेची चिलीम, म्हणजे ज्यात तंबाखू आणि निखारे ठेवतात ती वरची वाटी, फुटली. बाकी सगळं शाबूत राहिलं.

सामान लावताना सिस्टरबाई दारात उभ्या होत्या. हुक्क्याचं निळ्या काचेचं खालचं भांडं टेबलावर होतं. "हे काय हो, सर?" त्यांनी विचारलं. नव्या घरमालकिणीपुढे पहिल्याच दिवशी काय सांगायचं? मी म्हणालो, "फुलदाणी."

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आलो, तर तिच्यात झेंडूची फुलं. आठ दिवस मी मोबाईलवर "घरच्या घरी हुक्का कसा लावावा" याचे व्हिडिओ बघत होतो आणि माझा हुक्का झेंडूने भरलेला होता. रोज सकाळी बाई फुलं बदलायच्या, पाणी बदलायच्या आणि वर सांगायच्या, "फुलदानी लई देखनी हाय तुमची." नवव्या दिवशी मी शरण गेलो. म्हटलं, "सिस्टरबाई, ती फुलदाणी नाही. हुक्का आहे. आणि मला तो लावता येत नाही."

"मग तसं सांगायचं," त्या म्हणाल्या. "मला भरता येतो."

आत जाऊन त्यांनी पत्र्याच्या पेटीतून एक जुनी गुडगुडी आणली. नारळाच्या करवंटीची, हाताळून हाताळून काळी तुळतुळीत झालेली. तिलाही चिलीम नव्हती. पदराने ती पुसत त्या जे बोलल्या, ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं.

"नऊ वर्साची हुते, तवापासून दादांची गुडगुडी मी भरायचे. माझे वडील. नर्शिंग करून आले, तरीबी भरायचे. दिवसभर वार्डात लोकान्ला सांगायचं, बाबांनो, तंबाखू सोडा. संध्याकाळी घरी आलं, की दादांची चिलीम भरायची. न्हाई म्हनता आलं न्हाई मला. शेवटी शेवटी पेलाभर पानी प्यायला त्यांना चारदा थांबावं लागायचं. गेले त्या दिवशी चिलीम फोडली मी." मग गुडगुडी मांडीवर ठेवून त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुमचा खोकला आयकते मी रोज सकाळी. दादांचा सुरवातीला असाच हुता."

आता खोली सोडायला सांगतील, असं मला वाटलं. पण नको म्हणणं हा बाईंचा मार्ग नव्हता. "शिकवते," त्या म्हणाल्या. "पन माझ्या पद्धतीनं. तंबाखूचा धडा शेवटी. आन एकट्यानं वढायचा न्हाई, हुक्का एकट्याचा नसतो. चिलीम नवी लागंल. सोनईचा कुंभार बाजाराला येतो, त्याला सांगते. तसली काचेची नको, तंबाखू करपती."

असा माझा हुक्क्याचा अभ्यासक्रम सुरू झाला. पहिला महिना नुसतं धुणं. नळी चिंचेच्या पाण्याने घासायची, आतून चिंधी ओढायची, उन्हात वाळवायची, मग हुंगून दाखवायची. बाई नाक मुरडत, की पुन्हा पहिल्यापासून. मग सांधे. जिथे नळी भांड्यात बसते तिथून हवा चोरली, तर सगळं फुकट. व्हिडिओत त्यासाठी रबराची रिंग दाखवतात. सिस्टरबाई ओल्या बँडेजची पट्टी अशी गुंडाळत, की मोडलेल्या मनगटालाही हेवा वाटावा. माझी पट्टी सैल झाली, की म्हणत, "पेशंट दगावला, सर."

मग पाणी. भांड्यातल्या उभ्या नळीचं टोक पाण्यात दोन बोटं बुडालं पाहिजे. जास्त झालं तर ओढताना तोंडात येतं, आणि पहिल्या दिवशी ते माझ्या तोंडात आलंच. "पानी बोललं पायजे," त्या सांगत, "वरडलं न्हाई पायजे." चिलमीविना, तंबाखूविना, नुसतं पाणी बोलवायचं. त्यांच्याकडे नर्सचं जुनं, साडीला टाचायचं घड्याळ होतं. ते हातात धरून त्या समोर बसत. "वढा एका दमात. बघू पानी किती येळ बोलतंय." पहिल्या दिवशी नऊ सेकंद बोललं आणि मग मला खोकल्याची उबळ आली. बाईंनी घड्याळ साडीला टाचलं. म्हणाल्या, "उद्या धा करू."

निखाऱ्यांचा धडा शनिवारी असे. अंगणात शेगडी, बाभळीचा कोळसा. धूर संपून वर पांढरी साय धरेपर्यंत फुंकायचं, मग चिमट्याने एकेक उचलून दाखवायचा. निखारे एकदम तयार झाले, की मी विचारायचो, "सिस्टरबाई, चिलीम?"

"सांगितलीय की कुंभाराला," त्या म्हणायच्या. आणि लगेच, "आता हे निखारे वाया कशाला घालवायचे?" असं म्हणून परसातली दोन वांगी शेगडीवर ठेवायच्या.

अशा रीतीने माझा हुक्का दर शनिवारी वांग्याच्या भरितात संपू लागला. हुक्का एकट्याचा नसतो, या नियमाप्रमाणे मला दर वेळी कुणीतरी बोलवावं लागे. मी स्वभावाने घुमा. पुण्यात माणसं खोलीतच होती, शेवगावात शोधावी लागली. आधी स्टाफरूममधले केमिस्ट्रीचे सर आले, मग लायब्ररीच्या मॅडम आणि त्यांचे यजमान, मग तो खर्ड्याच्या मावशीवाला. "हुक्का प्यायला या" म्हणून बोलवायचं आणि बाजरीची भाकरी, भरीत, ठेचा खाऊन पाठवायचं. कुणी तक्रार केली नाही. आज गावात मला अडीअडचणीला हाक मारता येतील अशी जी दहा-बारा माणसं आहेत, ती सगळी त्या शेगडीभोवतीची आहेत.

ठेच्याच्या मिरच्याही घरच्याच. अंगणाच्या भिंतीकडेला बाईंनी मातीच्या लहान लहान वाट्या एका ओळीत, काठापर्यंत जमिनीत पुरल्या होत्या. त्यांत मिरचीची रोपं धरायची आणि वीतभर झाली की वाफ्यात लावायची. बाईंचे गुडघे दुखत, म्हणून पहिल्याच पावसाळ्यानंतर त्या वाट्यांना रोज सकाळी पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. "बुडाला भोक हाय, पानी साचत न्हाई," त्यांनी सांगितलं होतं. "कोवळ्या मुळ्या कुजत न्हाईत." आधी दोन वाट्या होत्या, मग चार, मग सात. मी तांब्याने नेमाने पाणी घालत गेलो.

तीन वर्षं गेली. चिलीम मोबाईलवरून मागवली असती, तर दोन दिवसांत दारात आली असती. मी का मागवली नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. पहिल्या वर्षी बाईंच्या भिडेने नाही मागवली. दुसऱ्या वर्षी शनिवार मोडेल म्हणून. तिसऱ्या वर्षी मला त्याची आठवणच राहिली नाही. अधूनमधून सवयीने विचारायचो आणि त्या सवयीने "सांगितलीय" म्हणायच्या. पाणी एव्हाना एकतीस सेकंद बोलत होतं. सकाळचा खोकला कधी गेला ते मला कळलं नाही. बाईंना नक्की कळलं असणार, कारण एका सकाळी चहा देताना त्या नुसत्याच माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "आज कोंबडा आरवल्याचं आयकू आलं, सर."

चौथ्या वर्षी, बारावीची प्रॅक्टिकल चालू असताना, त्या गेल्या. आदल्या रविवारी चर्चला जाऊन आल्या होत्या, मग दोन दिवस अंगात कणकण होती, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी खुर्चीत बसल्या बसल्याच. मला फोन आला तेव्हा मी मुलांना लंबकाचे झोके मोजायला लावत होतो.

दफनविधीला अर्धं गाव होतं. मिशनच्या दवाखान्यात त्यांच्या हातावर जन्मलेली किती माणसं असतील कुणास ठाऊक. माती देऊन झाल्यावर एक पागोटेवाले म्हातारबा माझ्याजवळ आले. "तुमीच का ते हुक्क्याचे सर?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "मी सोनईचा कुंभार. माझ्या दोन लेकी बाईंच्या हातच्या." जरा घुटमळून ते म्हणाले, "राग नका मानू, सर. पन चिलीम जरा जपून वापरावी मानसानं. वर्साला दोन-दोन, तीन-तीन नेल्या बाईंनी. मी म्हनलं, बाई, येवढ्या कोन वढतं? तर म्हनल्या, आमच्या सरांसाठी पायजेत. तवा मीच समजलो, तुमी लई फोडता."

मी घरी आलो ते सरळ भिंतीपाशी. पहिल्या वाटीभोवतीची माती बोटांनी उकरली आणि वाटी हलकेच वर उचलली. खाली वीतभर निमुळती मान होती. चिलीम होती ती. दुसरी उचलली, तीही चिलीम. सातही. तीन वर्षं मी रोज सकाळी तांब्या घेऊन माझ्याच चिलमींना पाणी घालत होतो आणि त्यांच्यातल्या मिरच्यांचा ठेचा खात होतो. बाई एका शब्दाने खोटं बोलल्या नव्हत्या. कुंभाराला सांगितली होती. आमच्या सरांसाठीच आणली होती. "आली का?" असं मीच कधी विचारलं नव्हतं.

एक चिलीम धुतली. हुक्क्याला पाणी भरलं, दोन बोटं. सांध्याला ओली पट्टी गुंडाळली, या वेळी पेशंट दगावला नाही. चिलीम वर ठेवली तर ती अशी नेमकी बसली, की बाईंनी माप देऊनच करून घेतली असणार. म्हणजे त्यांनी मला फसवायला जुजबी वस्तू आणली नव्हती. खरोखर हुक्क्याची चिलीम आणली होती, सातदा आणली होती, आणि सातदा ती माझ्या हातात द्यायची की नाही हे ठरवलं होतं. दादांना जे त्या म्हणू शकल्या नाहीत, ते त्यांनी मला सात वेळा म्हटलं होतं, आणि माझ्या मनाला लागू दिलं नव्हतं.

आता सगळं माझ्याकडे होतं. हुक्का, चिलीम, बाभळीचा कोळसा, आणि तो लावण्याची अशी विद्या, की जी पुण्यातल्या त्या तिघांत कुणाकडे नव्हती. मी नळी तोंडाला लावली आणि नुसतं पाणी बोलवलं. घड्याळ धरायला समोर कुणी नव्हतं, म्हणून मनात मोजत गेलो. चौतीसपर्यंत आलो, मग रडू आलं आणि पुढचं मोजता आलं नाही.

घर बाईंच्या नगरच्या पुतणीकडे गेलं. तिने मला आहे तिथेच राहू दिलं. चिलमी मी पुन्हा होत्या तशा पुरल्या. शनिवारी शेगडी पेटते, केमिस्ट्रीचे सर वांगी आणतात, आणि ती नारळाची गुडगुडी टेबलावर त्या निळ्या भांड्याशेजारी असते. भांड्यात झेंडू असतो.

परवा पुण्याच्या मित्राचा फोन आला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर त्याने विचारलं, "काय रे, तो हुक्का लावला की नाही अजून?"

"चिलीम सांगितलीय कुंभाराला," मी म्हणालो.

आणि हे खोटं नाही. पुढच्या बाजाराला दोन सांगितल्यात. यंदा टोमॅटोही लावायचा आहे.