दत्तानं ओळखलेले तीन ठिपके

महिना झाला. दत्ताच्या नंबरवरून फोन आला तेव्हा मी साताऱ्यात कॉलेजला निघालेल्या रिक्षात होतो. नेहमीसारखा ओरडलो, "बोल रं गड्या, कुठं मेलास एवढे दिवस?" पलीकडं वहिनी होत्या. म्हणाल्या, "भावजी, हे गेले ओ..." माझ्या चुकांची यादी मोठी आहे. आता ते वाक्य सगळ्यात वर.

त्याआधी पहिला नंबर दुसऱ्याच चुकीचा होता. आम्हा दोघांची पीएचडी एकाच प्रयोगशाळेतली. मी साताऱ्यात शिकवायला लागलो, माधवनगरचा दत्ता सांगलीत. चार वर्षांनी एका जर्नलनं मला एक पेपर तपासायला पाठवला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी परीक्षक म्हटलं होतं, मी फुगलो. लेखकाचं नाव झाकलेलं. हळदीच्या करपा रोगावर एक खपाचं औषध फवारून कुणीतरी तीन हंगाम पानं मोजली होती, आणि निष्कर्ष एका ओळीचा: या फवारणीनं फरक पडत नाही. परिणामच नाही, तर पेपर कशाला... अशा अर्थाचं इंग्रजी मी झाडलं. शेवटी माझे नेहमीचे तीन ठिपके. पेपर परत गेला. हळद म्हटल्यावर सांगली आठवायला हवी होती, पण माझी ट्यूब पेटली नाही.

दोन महिन्यांनी दत्ता सातारा स्टँडवर उतरला, चहा सांगितला आणि तेच परीक्षण माझ्यापुढं ठेवलं.

"तुझं ठिपकं हैत हे. तुझ्या थीसिसमधनं लाल पेन्सिलीनं मीच खुडलं व्हतं की."

"नाव झाकलेलं रं..."

"नाव झाकलेलं. शेत बघितलंस का?"

"न्हाई."

"मग कशावरनं लिवलंस?"

शिवी परवडली असती. पुढचा अख्खा हंगाम त्यानं मला त्याच हळदीत वाकवलं. मी एकदा निरोगी ओळीच्या नावावर करपा मांडला, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "परत मोज." फरक खरंच पडत नव्हता. मग दोघांच्या नावानं पेपर दुसऱ्या जर्नलला गेला. आधीचा पेपर मीच हाणून पाडला होता, हेही त्यानं मला संपादकांना लिहून कळवायला लावलं.

निर्णय त्याच्या तेराव्यानंतर आला. पेपर घेतो, फक्त 'या फवारणीनं फरक पडत नाही' हे वाक्य काढा, त्याजागी 'अधिक अभ्यासाची गरज आहे' असं घाला. चार हंगाम चिखलात वाकलेल्या माणसाला अधिक अभ्यास शिकवतात... आमचे एक वरिष्ठ म्हणाले, "घाला की ओ सर. बढतीला एक पेपर कमी पडतोय तुमचा. गेलेल्या माणसाला काय कळणार?"

त्याला कळणार नाही, खरंय. पण यंदाही तेच औषध पंपात भरणाऱ्यांना कळायला हवं. बढती राहू दे तिकडं.

परवा उत्तर लिहायला बसलो. शेजारी वहिनींनी दिलेली त्याची वही, तिच्यात खोचलेली ती लाल पेन्सिल. चावून चावून अर्धी झालेली. मी टाइप केलं: 'हे वाक्य आम्ही काढणार नाही...'

मग दोन ठिपके खोडले आणि पाठवून दिलं.