आडवा काप

माझ्या थोरल्या जाऊबाईंना गल्लीत सगळे फौजदार म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. पुढच्या खोलीत खिडकीला लागून त्यांचं शिलाई मशीन होतं. कापड घेऊन आलेल्या माणसाची आधी झडती व्हायची. कुणी "उद्याच हवाय" म्हणालं की जाऊबाई म्हणायच्या, "मग उद्याच यायचं, आज कशाला आलात?"

मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझा ब्लाऊज उलटा करून पाहिला आणि विचारलं, "कुठल्या खाटकानं शिवलाय?" तो माझ्या आईनं शिवला होता. त्यानंतर बरेच दिवस मी त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलत होते.

पण कपडा शिवावा तर त्यांनीच. शिवणीच्या आत त्या दोन बोटं जास्तीचं कापड राखायच्या. शिवणकामात त्याला माया म्हणतात. पोर वाढलं किंवा माणूस सुटला की शिवण उसवून ते कापड बाहेर सोडायचं. माझ्या लेकीचा एक फ्रॉक तिच्याबरोबर वाढत वाढत शेवटी कुर्ता झाला आणि तेव्हाही तो कुणाला जुना वाटला नाही. थोरल्या दिरांच्या शर्टाची कॉलर विरली की जाऊबाई ती काढून उलटी बसवायच्या. दीर पुन्हा ऐटीत बाहेर पडायचे.

मग मोठ्या रस्त्यावर तयार कपड्यांचं एक चकचकीत काचेचं दुकान झालं. दर आठवड्याला नवा माल यायचा. चार धुण्यांत शर्टाचं पोतेरं व्हायचं, पण किंमत जाऊबाईंच्या शिलाईपेक्षा कमी. लोक तुटून पडले. मला दुकानापेक्षा या लोकांचीच चीड येते. ज्यांच्या पोरांचे गणवेश जाऊबाईंनी वर्षानुवर्षं शिवले, ती माणसं खिडकीसमोरून पिशव्या झुलवत जायची. गुपचूप गेली असती तरी चाललं असतं. पण मुद्दाम थांबून सांगायची, "बघा, केवढ्याला पडला!" जाऊबाई तो कपडा उलटा करायच्या, आतली शिवण बघायच्या आणि काही न बोलता परत द्यायच्या. फौजदारांनी न बोलणं मला बघवत नव्हतं.

मशीन थांबलं. त्यातच थोरल्या दिरांनी अंथरूण धरलं. मी तोवर त्याच दुकानात बिलं करायला लागले होते. शेवटी मीच मॅनेजरसाहेबांना विचारलं, "जाऊबाई टेलरिंग करतात, काही काम आहे का?" ते म्हणाले, "कात्री चालवता येते ना? पाठवा." आम्हाला वाटलं, गिऱ्हाइकांच्या पँट आखूड करायच्या असतील.

काम भलतंच निघालं. दुकान उघडायच्या आधी मागच्या खोलीत बसायचं. न विकल्या गेलेल्या कपड्यांचा ढीग समोर. कोरे करकरीत, लेबलसकट. ते कापायचे आणि मागच्या गल्लीतल्या कचऱ्यात टाकायचे.

"कापायचे कशाला?" जाऊबाईंनी विचारलं.

"लोकांनी उचलून घालू नयेत म्हणून," साहेब म्हणाले. "फुकट मिळालं तर विकत कोण घेईल?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर थंडीत माणसं कुडकुडतात आणि आत बसून कोट फाडायचे! वाटलं, आता जाऊबाई ती कात्री यांच्याच टाळक्यात घालतात. पण त्यांनी ढिगाकडे एकवार पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं." मला सुटल्यासारखं झालं आणि त्याची लाजही वाटली.

रोज सकाळी त्या मान खाली घालून काम करायच्या. पोत्यात बाह्या वेगळ्या, पाठी वेगळ्या, कॉलर वेगळ्या. साहेब खूश होते.

एका दुपारी भाजी विकणारी एक बाई दुकानात आली. अंगात निळा छान कुर्ता. सरळ माझ्या काउंटरवर येऊन म्हणाली, "ताई, याच्यातला लाल रंग आहे का हो?" साहेब शेजारीच उभे होते. तो माल त्यांनी कधीच मोडीत काढला होता.

"हा कुठून घेतलात?"

"मागच्या कचऱ्यातून," ती अगदी हसतमुखानं म्हणाली. "फाटलेला कुठं नव्हताच, नुसता शिवणीवर उसवलेला. दुपारभर बसून जोडला. आमच्या वस्तीत बऱ्याच जणींनी जोडलेत."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जाऊबाईंनी एकाही कपड्याचं कापड कापलं नव्हतं. त्या फक्त धागे कापत होत्या. शिवणीवरून अलगद, ज्याला पुन्हा जोडायचं त्याला त्रास होऊ नये इतक्या बेतानं. मला हसू फुटलं, ते मी बिलात मान घालून लपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मला मागच्या खोलीत बोलावलं. जाऊबाई उभ्या होत्या. साहेबांनी ढिगातून एक जाड लोकरी कोट उचलून टेबलावर आपटला. "पाठीवर आडवा काप घ्या. माझ्यासमोर."

जाऊबाईंनी कोट उचलला आणि अंगात घातला. वर सगळी बटणं लावली. मग साहेबांकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"घ्या," त्या म्हणाल्या. "एवढी हौस आहे तर तुम्हीच कापा."

साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी कात्री माझ्या हातात कोंबली. "तुमच्याच घरच्या ना या? तुम्हीच आणलंत यांना. तुम्ही कापा. नाहीतर उद्यापासून दोघीही येऊ नका."

माझं डोकंच फिरलं. मी कात्री घट्ट धरली. घर तेव्हा मुख्यतः माझ्याच पगारावर चाललं होतं. दिरांची औषधं होती, लेकीची शाळा होती. तरी मी म्हणाले, "मला नाही जमणार, साहेब."

जाऊबाई गर्रकन वळल्या. "तोंड बंद ठेव गं," माझ्यावर खेकसल्या. त्यांनी कोट काढला, टेबलावर पालथा पसरला, हातानं सुरकुत्या सारख्या केल्या आणि माझ्या हातातून कात्री हिसकावली. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत एकच काप घेतला. सरळ. लोकर चिरताना असा आवाज झाला की मी डोळे मिटले.

"हिची नोकरी राहिली ना?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी होकारार्थी मान हलवली. जाऊबाई कात्री ठेवून निघाल्या. दारातून त्यांच्या रडण्याचा आवाज आला. इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदा ऐकला.

मी काउंटरवर जाऊन बसले. जाऊबाईंनी ज्या नोकरीसाठी ते पाप केलं, ती मी इमानेइतबारे करायला हवी होती. पण डोकं भणभणत होतं. दुपारी एक बाई शर्ट घेऊन आल्या. काखेत उसवला होता, घेऊन आठवडाही झाला नव्हता.

"बदलून मिळणार नाही," साहेब मागून म्हणाले. "नवीन बघा ना मॅडम, आजच माल आलाय."

"मग हा टाकूनच देते," बाई म्हणाल्या.

"टाकू नका," मी म्हणाले. "आमच्या घरी घेऊन या. माझ्या जाऊबाई शिवून देतील. आणि पुढचा शर्ट त्यांच्याकडूनच शिवून घ्या, दहा वर्षं उसवणार नाही."

रांगेतल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. साहेब पुढे आले. संध्याकाळी हे कळल्यावर जाऊबाई मला फाडून खातील, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी उभी राहिले आणि मागच्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं घराचा पत्ता सांगितला.