रुसणाऱ्याची खुर्ची

आम्ही सगळे त्यांना मंडपवाले मामाच म्हणायचो. व्हिडिओ कॅसेटचा जमाना होता, मी लग्नांचं शूटिंग करायचो, त्यामुळं सीझनभर आमची गाठ ठरलेली. शेजारी उभ्या माणसाशीही मामा पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचे. मंडप उभा राहिला की ते एक खुर्ची उचलून फाटकाजवळ ठेवायचे, रस्त्याकडं तोंड करून, पण जरा तिरकी.

"ही रुसणाऱ्याची. निघालोय असं दाखवाय आलं पायजे, आन् बोलवाय येणारी माणसं बी दिसाय पायजेत."

उचगावात बौद्धांचं लग्न असो, पेठ वडगावात मराठ्यांचं, नाहीतर शहरातला एखादा निकाह, ती खुर्ची कधी रिकामी राहिली नाही. कुणाचं नाव माइकवर पुकारलेलं नसायचं, कुणाला जेवायला आधी बोलावलेलं नसायचं.

"देव येगळं, जेवाण येगळं," मामा खिदळायचे, "रुसवा मातर सगळ्यांचा एकाच कंपनीचा हाय."

मग त्यांच्या सख्ख्या पुतण्याचं लग्न निघालं. मंडप अर्थात मामांचाच. सकाळपासून ते दोऱ्या आवळत होते. घरच्यांनी सगळ्यांना फेटे बांधले आणि ह्यांना विसरले. मी कॅमेरा फिरवला, तर त्या खुर्चीवर मामा.

हसू दाबत मी जवळ गेलो. "मामा, चला की. फोटोला सगळी खोळंबल्यात."

मामांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. त्यांना इतक्या हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"तू बोलवून कसा येऊ? घरातलं कोण येतंय का बघ की."